वृद्धांवरील लैंगिक अत्याचार: न विचारलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

वृद्धांवरील लैंगिक अत्याचाराचा मागोवा घेऊ लागले की हाती येणारा बराचसा इतिहास हा प्रश्न न विचारल्याचा निघतो. मुलांना घरात होणाऱ्या मारहाणीकडे हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९६२ सालच्या लेखाने वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधले आणि पत्नीला होणारी मारहाण पुढच्या दशकात स्त्रीचळवळीने चव्हाट्यावर आणली. वृद्धांची पाळी त्यानंतर आली. १९७५ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांत या छळाविषयी लिहिले गेले, तेव्हा त्याला दिलेल्या नावाचा अर्थ ‘आजीला बडवणे’ असा होता. नावात आजी आली खरी, पण तिच्या वाट्याला मारहाणीपलीकडचेही काही येत असेल, ही शंका त्या नावात नव्हती.

पुढे मोजणी सुरू झाली तरी ही उणीव राहिलीच. अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील २,०२० वृद्धांच्या मुलाखतींवर आधारलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दर हजारी ३२ वृद्धांचा छळ होत असल्याचे दाखवले. या क्षेत्रात ती आजही पायाभूत मानली जाते. मात्र तिने शारीरिक हिंसा, सततचा शाब्दिक छळ आणि हेळसांड हे तीनच प्रकार तपासले होते. लैंगिक अत्याचाराला त्यांत वेगळी जागा नव्हती. म्हातारपणी शरीर लैंगिकतेच्या पलीकडे जाते आणि म्हणून या गुन्ह्याच्याही पलीकडे जाते, हा समज अभ्यासकांनी मुद्दाम स्वीकारला असे म्हणता येणार नाही, पण प्रश्नावल्या जणू तो धरूनच रचल्या गेल्या.

हा समज प्रथम ठामपणे मोडला तो १९९१ मध्ये अभ्यासक हॉली रॅमसी-क्लॉस्निक यांनी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील २८ संशयित प्रकरणांच्या आधारे लिहिलेल्या लेखाने. त्यांतील पीडित स्त्रिया होत्या आणि संशयितांपैकी बहुतेक जण त्यांची काळजी घेणारेच, त्यांतही प्रामुख्याने मुलगे आणि पती होते. पतीचा उल्लेख येथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण विवाहांतर्गत बलात्काराला असलेले कायद्याचे संरक्षण इंग्लंडमध्ये, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच वर्षी संपवले. ज्यांचे सारे वैवाहिक आयुष्य त्या जुन्या कायद्याखाली गेले, त्या स्त्रियांकडे उतारवयात हा अन्याय सांगायला शब्द तरी कोठून असणार?

वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थांमधील चित्र याहून विदारक ठरले. ॲन बर्जेस व सहकाऱ्यांनी २००० मध्ये शुश्रूषागृहांतील २० पीडितांचा अभ्यास मांडला. त्यांतील निम्म्याहून अधिक जण वर्षभरात दगावले होते. वय आणि आजार यांचा वाटा यातून वेगळा काढता येत नाही, तरीही स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला काही आठवत नाही म्हणून तिला इजाही होत नाही, या सोयीस्कर समजुतीला त्यानंतर आधार उरला नाही. न बोलणाऱ्या रुग्णाचा त्रास वागण्यातून दिसतो: विशिष्ट व्यक्ती जवळ येताच घाबरणे, अंघोळीला किंवा कपडे बदलायला अचानक विरोध करणे, मांड्यांच्या आतल्या बाजूचे वळ, कारण न सापडणारा गुप्तांगाचा संसर्ग. ‘वयामुळे होते’ म्हणून ही लक्षणे बाजूला सारली जाणे हा प्रतिबंधातील सर्वांत जुना अडथळा आहे.

आकडे मात्र आजही जपून वाचावे लागतात. २८ देशांतील ५२ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये झालेल्या विश्लेषणात वर्षभरात कोणत्या ना कोणत्या छळाला सामोरे गेलेल्या वृद्धांचे प्रमाण १५.७ टक्के, तर लैंगिक अत्याचाराचे ०.९ टक्के आढळले. अशा पाहण्यांतून स्मृतिभ्रंश झालेले आणि संस्थांत राहणारे लोक बहुधा वगळलेले असतात, त्यामुळे जे सर्वाधिक धोक्यात ते मोजणीत सर्वांत कमी. बेल्जियममध्ये सत्तरी ओलांडलेल्यांना शारीरिक स्पर्शाविना होणाऱ्या त्रासासह विस्तृत प्रश्न विचारले गेले, तेव्हा मागील वर्षापुरतेच प्रमाण सुमारे ८ टक्के निघाले. इंग्लंड आणि वेल्सच्या गुन्हे सर्वेक्षणात तर लैंगिक हल्ल्याविषयीचे प्रश्न २०१७ पर्यंत ५९ वर्षांपर्यंतच्या लोकांनाच विचारले जात. तेव्हा ती मर्यादा ७४ वर नेली गेली आणि २०२१ मध्ये ती काढून टाकण्यात आली.

संरक्षणाच्या नावाखाली वृद्धांची जवळीकच नाकारली जाण्याचा धोकाही आहे. न्यूयॉर्कमधील रिव्हरडेलच्या हिब्रू होम या वृद्धाश्रमाने १९९५ मध्येच रहिवाशांच्या लैंगिक अधिकारांविषयी लेखी धोरण केले होते. संमती ओळखता आली तरच अत्याचारही ओळखता येतो, हे त्यामागचे तर्कशास्त्र मला पटते.

ऑस्ट्रेलियाने २००७ पासून वृद्धसेवा संस्थांना हल्ले कळवणे बंधनकारक केले, पण हल्ला करणारा रहिवासी बौद्धिक क्षमता ढासळलेला असेल तर संस्थेला सूट होती. वृद्धसेवेच्या चौकशीसाठी नेमलेल्या तेथील शाही आयोगाने मार्च २०२१ मध्ये निवासी वृद्धसेवेतील बेकायदा लैंगिक वर्तनाच्या कथित घटनांचे प्रमाण आठवड्याला सुमारे ५० पर्यंत असू शकते, असा अंदाज नोंदवला. पुढच्याच महिन्यात लागू झालेल्या नव्या योजनेत ती सूट राहिली नाही आणि अशी घटना २४ तासांच्या आत कळवण्याचे बंधन आले, मग ती कोणाच्याही हातून घडलेली असो.