जुन्या ट्रकची चाकं: मूळ २० इंची ठेवावीत की २२.५ची ट्यूबलेस बसवावीत?

१०.००-२०चा जुना ट्यूबचा टायर आणि त्याच्या जागी हमखास सुचवला जाणारा ११आर२२.५ ट्यूबलेस शेजारी उभे केले, तर उंचीत फरक जवळपास दिसतच नाही. दोन्ही साधारण १०५० मिमी भरतात. तरीही आकडा अडीच इंचांनी मोठा, म्हणून ट्रक उंच होणार, गिअर लांब पडणार, असा समज फार पसरलेला आहे. हा आकडा टायरच्या उंचीचा नसतो. रिमवर टायरचा बीड (टायरची आतली, तारेची कड) जिथे बसतो, त्या बैठकीच्या व्यासाचा असतो. ट्यूबच्या रिमची बैठक ५ अंश उताराची असते आणि टायर चढवता यावा म्हणून तिची एक कड सुटी होते. ट्यूबलेसची बैठक १५ अंश उताराची, रिम एकसंध आणि मधे खोल गळा. टायर त्या गळ्यात उतरवून कडेवरून चढवतात.

म्हणून जोड्या अशा लागतात: ७.५०-२०ला ८आर२२.५, ८.२५-२०ला ९आर२२.५, ९.००-२०ला १०आर२२.५ आणि १०.००-२०ला ११आर२२.५. या जोडीत राहिलात तर स्पीडोमीटर आणि गिअरिंग दोन्ही जागेवर राहतात. सहज मिळतात म्हणून १९.५ची चाकं घातली की मात्र गणित बिघडतं. ८.२५-२०चा टायर सुमारे ९७५ मिमीचा, तर २२५/७०आर१९.५ जेमतेम ८१० मिमीचा. खऱ्या ६० किमी वेगाला इंजिन पूर्वीच्या ७२ किमीइतकं फिरतं आणि स्पीडोमीटरही ७२ दाखवतो. संथ फिरणाऱ्या जुन्या इंजिनाला ते मानवत नाही. शिवाय मोठे ब्रेक ड्रम १९.५च्या रिममध्ये मावतीलच असं नाही.

बदलायचं की नाही, हे ठरवण्याआधी सध्याची रिम नेमकी कोणती, ते ओळखा. सुटी कड दिसली की लोक सरसकट ‘स्प्लिट रिम’ म्हणतात आणि घाबरून सगळीच चाकं भंगारात घालतात. यात दोन अगदी वेगळ्या वस्तू मिसळल्या जातात. पहिली तीन भागांची: बेस, साइड रिंग आणि बाहेरून दिसणारी लॉक रिंग. लॉक रिंग बेसच्या खाचेत बसली आहे की नाही, ते डोळ्यांनी तपासता येतं. दुसरी फायरस्टोनची आरएच-५ धाटणीची. तिचे दोन अर्धे टायरच्या आत, रिमच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. ते नीट अडकलेत का, हे टायर चढल्यावर कुणालाच दिसत नाही. अमेरिकेत तिला ‘विडोमेकर’ म्हणत, आणि ते नाव तिनं कमावलेलं आहे. ही रिम निघाली तर मूळपणाचा मोह सोडा. ती बदलाच.

तीन भागांच्या रिमबद्दल मात्र आमचं मत स्पष्ट आहे: धातू शाबूत असेल, तर ती बदलायला सुरक्षिततेचं कारण पुरत नाही. ती फुटते ती मुख्यतः तीन कारणांनी. खाचेत गंज साचून लॉक रिंग पूर्ण उतरत नाही, वेगळ्या मेकची किंवा मापाची रिंग बसवलेली असते, नाहीतर हवा असताना कुणीतरी रिंगवर हातोडा मारतो. ९० पीएसआय म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर सुमारे ४० किलो. रिंग सुटली की ती समोरच्या माणसाला वाचायची संधी देत नाही.

मूळ चाकं ठेवायची असतील, तर काम असं चालतं. नटाला पाना लावण्याआधी व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्ण सोडा. जोडटायर असेल तर दोन्हींची. व्हॉल्वमधून बारीक तार घालून तो चोंदलेला नाही, याची खात्री करा. टायर खोलल्यावर बेस आणि रिंगा तारेच्या ब्रशनं किंवा हलक्या सँडब्लास्टनं धातूपर्यंत साफ करा. लॉक रिंग सपाट फरशीवर ठेवा. ती डुगडुगली किंवा पीळ पडलेला दिसला, तर ठोकून सरळ करू नका, फेकून द्या. नट-भोकांभोवती, हँड-होलच्या (डिस्कमधल्या मोठ्या भोकांच्या) कोपऱ्यांत आणि खाचेच्या तळाशी डाय पेनिट्रंट (तडे दाखवणारं रंगीत द्रव) मारा. तडा लाल रेघ होऊन उठतो. तडा गेलेली रिम वेल्डिंगनं वाचवायची नाही, कारण उष्णतेनं आसपासचा धातूच बदलतो.

रंग पातळ द्या, विशेषतः डिस्क (चाकाची मधली तबकडी) जिथे हबला किंवा दुसऱ्या डिस्कला टेकते तिथे. त्या तोंडावर रंगाचा थर ०.१ मिमीच्या आतच हवा. जाड रंग वापरात दबतो आणि ताण दिलेले नट आपोआप सैल होतात. नव्या रंगकामानंतर चाक ढिलं पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी) नवेच घ्या. रेडिअल टायर (आतले धागे आडवे असलेला) घालणार असाल तर ट्यूबही रेडिअलसाठीची हवी, आणि त्या रिमला रेडिअल चालतो का, हे रिमवरच्या खुणेवरून आधी पाहा. हवा लोखंडी सुरक्षा-पिंजऱ्यात भरा, क्लिपचा चक (व्हॉल्वला आपोआप धरून राहणारं तोंड) आणि लांब नळी लावून, बाजूला उभं राहून. एकदा भरा, पूर्ण सोडा, पुन्हा भरा. त्यानं ट्यूबची घडी सुटते. घडी राहिली तर तिथेच घासून ती फाटते.

आता बदलाची बाजू. ट्यूबलेसचे फायदे खरे आहेत: सुटी रिंग नाही, पंक्चर झालं तर हवा सहसा हळू उतरते, टायर कमी तापतो आणि मापं बाजारात मिळतात. लांबचा प्रवास करणाऱ्या ट्रकला हे पटण्यासारखं आहे. ब्रेक मात्र त्यानं सुधारत नाहीत, ड्रम तेच राहतात.

ओतीव स्पोकची चाकं, म्हणजे डेटन पद्धतीची, असतील तर काम सोपं आहे. २० इंची रिमच्या जागी २२.५ची सुटी रिम त्याच स्पोकवर बसते, हबला हात लावावा लागत नाही. क्लॅम्प आडव्यातिडव्या क्रमानं थोडे थोडे आवळा, टायरजवळ लाकडाचा ठोकळा ठेवून चाक फिरवा आणि डगमग ३ मिमीच्या आत आणा. जोडचाकांमधला स्पेसर बँड योग्य रुंदीचाच हवा.

डिस्कच्या चाकांत खरी फसगत आहे. १० भोकांची, २८५.७५ मिमी वर्तुळाची डिस्क दोन पद्धतींत येते. जुनी स्टड-पायलट (स्टड म्हणजे हबवरचे बोल्ट): भोकाला गोलाकार बैठक, नटाचं तोंडही गोल, आणि नटच चाक मध्यावर आणतो. नवी हब-पायलट: भोक सरळ, नट सपाट वॉशरचा, आणि चाक हबच्या कडांवर मध्यावर येतं. भोकांचं वर्तुळ एकच असल्यामुळे नवी डिस्क जुन्या हबवर चढते आणि सगळं ठीक भासतं. पण तिला मध्यावर धरणारं काहीच उरत नाही. गोल नट सरळ भोकाच्या कडेवर टेकतात, ताण टिकत नाही, भोकं लांबट होतात आणि शेवटी स्टड तुटतात. म्हणून जुना हब ठेवायचा असेल, तर स्टड-पायलट २२.५ डिस्कच शोधा. मध्यम ट्रकांच्या ६ भोकांच्या, २२२.२५ मिमी वर्तुळाच्या हबलाही हाच नियम.

डिस्कचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून डिस्क हबला टेकते तिथवरचं अंतर) मोजल्याशिवाय ती घेऊ नका. मागच्या जोडटायरांच्या कुशी भरल्या ट्रकमध्ये एकमेकांना लागता कामा नयेत, आणि पुढे चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून टाय रॉड आणि स्प्रिंगच्या पाट्यांपासून अंतर पाहावं. जोडीतल्या दोन टायरांच्या व्यासात ८.२५-२० आणि ९आर२२.५ पर्यंत ६ मिमी, त्याहून मोठ्या मापात १२ मिमीपेक्षा जास्त फरक नको. एका ॲक्सलवर रेडिअल आणि बायस (तिरप्या धाग्यांचे) टायर एकत्र घालू नका. जुनी डिस्क कापून तिच्यावर नवी रिम वेल्ड करणं, किंवा लॉक रिंगच्या रिमला सिलिकॉन लावून ट्यूबलेस करणं, या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. पहिलीत तर मूळ डिस्कही कायमची जाते. काढलेल्या डिस्क, रिंगा आणि नट खुणा करून कोरड्या जागी ठेवा. मूळ मेकची जुळणारी लॉक रिंग पुन्हा मिळवणं डिस्क मिळवण्याहून कठीण असतं.

आवळताना एक लक्षात असू द्या. जुन्या स्टड-पायलट ट्रकांवर डाव्या बाजूचे स्टड बहुधा उलट्या आट्याचे असतात आणि टोकावर ‘एल’ची खूण असते. ती न पाहता लांब पाइप लावून जोर केला की स्टडच पिळतो. १० स्टडच्या डिस्कसाठी ताण ६१० ते ६८० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानं, कोरड्या आट्यांवर. ८० ते १६० किमी चालल्यावर पुन्हा तपासा. मागच्या जोडचाकांना आतला नट वेगळा असतो. बाहेरचा आवळलेला असताना आतला सैल आहे का, हे कळतच नाही. म्हणून एकाआड एक बाहेरचे नट ढिले करा, त्यांचे आतले नट पूर्ण आवळा, बाहेरचे परत आवळा, आणि मग उरलेल्यांकडे वळा.