ड्रॉ स्टॉप (कंपाउंड धनुष्य)

ड्रॉ स्टॉप म्हणजे कंपाउंड बोच्या कॅमवर, म्हणजे धनुष्याच्या टोकाला असलेल्या चाकावर, स्क्रूने बसवलेली एक छोटी खुंटी. बो पूर्ण ओढला की ही खुंटी लिम्बला (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याला) नाहीतर केबलला (कॅमला जोडलेल्या दोरीला) जाऊन टेकते, कॅम तिथेच अडतो आणि हाताला कळतं की बास, आता याच्या पुढे जायचं नाही. हाताला लागणाऱ्या या अडसराला तिरंदाज 'वॉल' म्हणतात. ग्राउंडवर पोरं येऊन सांगतात ना, "सर, वॉल मऊ लागतीये", तेव्हा विषय बहुतेक वेळा या खुंटीचाच असतो, किंवा खुंटी ज्याला टेकते त्याचा. स्टॉप बदलून, सरकवून किंवा जास्तीचा बसवून वॉल कडक करणं हे कंपाउंडच्या ट्यूनिंगमधलं अगदी नेहमीचं काम आहे, पण ते नीट समजून केलं नाही तर चांगला चाललेला बो बिघडतो म्हणून इथे जरा सविस्तर.

साध्या धनुष्याला वॉल नसतेच. रिकर्व्ह जेवढा ओढाल तेवढा जड होत जातो, कुठे थांबायचं ते अँकर (हात चेहऱ्याला टेकवायची ठरलेली जागा) आणि क्लिकर (बाण पुरेसा ओढला की टक वाजणारी पट्टी) सांगतात. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना चाकं लावून बघितली, 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 मध्ये ते मिळालं, तिथून कंपाउंड सुरू झाला. चाक मध्यापासून बाजूला आस ठेवून फिरतं त्यामुळे सुरुवातीला वजन वाढतं, मग शिखर गाठून एकदम खाली येतं. या उतरण्याला लेट ऑफ म्हणतात. 60 पाउंडचा बो आणि 75 टक्के लेट ऑफ असेल तर फुल ड्रॉला हातात फक्त 15 पाउंड राहतात, 80 टक्के असेल तर 12. वजन सगळ्यात कमी असलेली जी जागा ती व्हॅली, आणि व्हॅली संपली की वजन परत उभ्या चढासारखं वर जातं, ती वॉल. वॉल कडक आहे म्हणजे तो चढ उभा आहे, अर्ध्या सेंटिमीटरच्या आतच स्ट्रिंग (धनुष्याची दोरी) मागे यायची बंद होते. वॉल मऊ म्हणजे अजून थोडी, अजून थोडी अशी येतच राहते.

स्टॉपचे मुख्य प्रकार दोन. केबल स्टॉपची खुंटी कॅम फिरला की केबलच्या बाजूला येऊन दाबली जाते. केबल म्हणजे शेवटी पिळलेली दोरीच, ती थोडी बाजूला सरकते, थोडी ताणली जाते, म्हणून हाताला रबरासारखा दबाव जाणवतो. लिम्ब स्टॉपची खुंटी थेट लिम्बच्या आतल्या अंगाला टेकते आणि लिम्ब दोरीपेक्षा कितीतरी ताठ, त्यामुळे वॉल एकदम दगडासारखी लागते. तरी लिम्बसुद्धा जोर लावला की किंचित वाकतोच, पूर्ण न हलणारी वॉल कुठल्याच बोला नसते हे लक्षात ठेवलेलं बरं. अजून एक गोष्ट फार कमी लोक बघतात ती म्हणजे खुंटी आसापासून किती लांब आहे. लांब असेल तर टेकण्याच्या जागी जोर कमी येतो आणि केबल तेवढीच दबली तरी कॅम कमी फिरतो, म्हणजे दोन्हीकडून फायदा. त्याच मॉडेलच्या लहान आणि मोठ्या ड्रॉ लेंथच्या (स्ट्रिंग किती लांब ओढली जाते त्या मापाच्या) बोंची वॉल वेगवेगळी लागते त्यामागे हेही एक कारण असतं.

आता एवढा आटापिटा कशासाठी? टार्गेट कंपाउंडमध्ये 50 मीटरवर 80 सेंटिमीटरचं टार्गेट असतं आणि त्यातलं 10 चं वर्तुळ 8 सेंटिमीटर व्यासाचं, साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. एका मॅचला 15 बाण, पूर्ण 150 गुण. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी 149-147 ने जिंकली आणि नागपूरचा, साताऱ्यात तयार झालेला ओजस देवतळे 150-149 ने, म्हणजे फायनलला एक बाण 9 ला गेला असता तरी हातातलं सोनं सुटायला लागलं असतं. या पातळीला स्ट्रिंग दर वेळी त्याच जागी थांबली पाहिजे. एका बाणाला तीन-चार मिलिमीटर जास्त ओढलं गेलं की बाणाला मिळणारी ताकद बदलते, वेग बदलतो आणि बाण वर-खाली जातो, एम (नेम) कितीही बरोबर असला तरी. मऊ वॉलमध्ये दमलेला हात कमी ओढतो आणि टेन्शनमधला हात जास्त, कडक वॉल हा फरक बराच खाऊन टाकते. बॅक टेन्शन रिलीज (पाठीच्या ओढीने फिरून स्ट्रिंग सोडणारं हातातलं साधन) वापरणाऱ्यांना तर हे लगेच जाणवतं, मऊ वॉलवर पाठ ओढत राहते पण तो जोर रिलीज फिरवण्याऐवजी वॉलमध्येच मुरतो आणि शॉट उशिरा सुटतो, किंवा सुटतच नाही.

वॉल कडक करायची म्हणून लगेच नवीन खुंट्या मागवायची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी केबल बघा. जुनी, लांबलेली केबल असेल आणि स्टॉप जिथे टेकतो तिथली सर्व्हिंग (केबलवर गुंडाळलेला संरक्षक दोरा) पिंजली किंवा सरकली असेल तर कितीही भारी स्टॉप लावा, वॉल मऊच राहणार. चांगल्या मटेरियलची नवीन स्ट्रिंग-केबल टाकली की निम्म्या लोकांची तक्रार तिथेच मिटते. त्यानंतर खुंटीवरचं रबर. बऱ्याच बोंना आवाज होऊ नये म्हणून स्टॉपवर रबराची टोपी असते, हा आवाज खरं तर शिकाऱ्यांचा प्रश्न, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि कंपाउंड टार्गेटसाठीच वापरला जातो, त्यामुळे कंपनीने परवानगी दिली असेल तर रबराऐवजी कडक प्लास्टिकचा किंवा नुसत्या धातूचा स्टॉप चालतो. मग येतो एका स्टॉपचे दोन करण्याचा मार्ग. काही बोंना फक्त खालच्या कॅमवर स्टॉप येतो, वर भोक असतं पण रिकामं, तिथे जोडीची खुंटी बसवली की दोन्ही कॅम एकत्र अडतात आणि वॉल लक्षात येईल एवढी ताठ होते. सगळ्यात मोठा बदल म्हणजे केबल स्टॉप काढून लिम्ब स्टॉप लावणं, पण हे फक्त ज्या बोच्या कॅममध्ये कंपनीनेच तशी सोय ठेवलीय त्यालाच. लेथवर खुंटी वळवून आणून मनाने भोक पाडून बसवणं हे अजिबात करू नका. लिम्ब थरांचा बनलेला असतो, जिथे मार सोसायला तो बनवलेला नाही तिथे रोज शंभर वेळा धातू टेकला तर थर सुटायला लागतात, आणि ओढलेल्या बोचा लिम्ब तुटला तर तो चेहऱ्यासमोरच तुटतो.

दोन स्टॉप असले की दोघांनी एकाच क्षणी टेकलं पाहिजे, सगळ्या कामाचा जीव इथे आहे. हे बघायला ड्रॉ बोर्ड लागतो, म्हणजे भिंतीला मारलेली एक लांब फळी, एका टोकाला बोची ग्रिप अडकवायचा खुंटा आणि दुसऱ्या टोकाला हाताने फिरवायची विंच. विंचचा हुक डी-लूपला (स्ट्रिंगवर बांधलेल्या छोट्या फासाला) लावायचा, हळूहळू फिरवत न्यायचं आणि शेवटचं बोटभर अंतर राहिलं की डोळा कॅमजवळ न्यायचा. वरची खुंटी टेकली आणि खालच्या खुंटीखालून अजून कागद आरपार जातोय, असं दिसलं की समजायचं टायमिंग गेलंय. असा बो ओढताना वॉल दोन टप्प्यांत लागते, आधी एक हलका टेका आणि मग खरा, आणि नॉक (बाणाचं मागचं, स्ट्रिंगला अडकणारं टोक) सरळ न जाता वर-खाली प्रवास करतो म्हणून 50 मीटरवर ग्रुप (बाणांचा पुंजका) उभा फाटतो. उपाय म्हणजे बो प्रेसमध्ये (लिम्ब दाबून दोऱ्या सैल करणाऱ्या यंत्रात) घेऊन एका केबलला अर्धा पीळ द्यायचा किंवा काढायचा आणि परत बोर्डवर बघायचं. कुठल्या केबलला ते कॅमच्या प्रकारावर असतं, बायनरीचं वेगळं, हायब्रिडचं वेगळं. पट्टीने खुंट्यांची जागा मोजून दोन्ही सारख्या आकड्यावर लावल्या म्हणजे काम झालं असं होत नाही, केबलच्या लांबीत एवढासा फरक असला तरी आकडा सारखा आणि टेकणं वेगळं असं होतं.

खुंटी सरकवली की फक्त वॉल बदलत नाही, ड्रॉ लेंथ आणि लेट ऑफ पण बदलतात. स्टॉप लवकर टेकेल असा लावला तर ड्रॉ थोडा आखूड होतो, लेट ऑफ कमी होतो, व्हॅली अरुंद होते आणि बो जरा ढिल दिली की हातातून पुढे पळायला बघतो. काही जण मुद्दाम असंच ठेवतात, हातात जास्त वजन राहिलं की एम स्थिर बसतो म्हणून. उशिरा टेकेल असा लावला तर उलटं, व्हॅली आळसावलेली, आरामाची, पण कॅम ठरलेल्या मापापेक्षा जास्त फिरला तर स्ट्रिंग खाचेतून उतरण्याचा धोका. म्हणून कंपनीने कॅमवर कोरलेल्या खुणांच्या बाहेर जायचं नाही, आणि एका वेळी एकाच खुणेने सरकवायचं.

स्टॉपचे स्क्रू बहुतेक बोंवर साध्या एलन कीने फिरतात, नुसती खुंटी हलवायला प्रेस लागत नाही. मात्र कॅम ॲल्युमिनियमचा आणि स्क्रू स्टीलचा, जोर लावून आवळला तर आटे कॅमचेच जातात आणि मग अख्खा कॅम बदलावा लागतो. हाताने घट्ट, वर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब, तेवढं पुरतं. सुरू करायच्या आधी खुंटीची जुनी जागा बारीक मार्करने खूण करून ठेवायची आणि मोबाईलवर फोटो काढायचा.

सगळ्यांनाच दगडासारखी वॉल मानवते असं नाही. कडक वॉलवर फार जोराने ओढत राहिलं तर स्कोपमधला (नेम धरायच्या भिंगातला) ठिपका थरथरतो, काही जण तर वॉल लागली की काम झालं समजून पाठ सैल सोडतात. ज्याची ओढ शॉट सुटेपर्यंत चालू असते अशा तिरंदाजाला केबल स्टॉपची थोडी लवचिक वॉल जास्त बरी वाटू शकते. निदान शंभरेक बाण मारल्याशिवाय ठरवू नये. आणि स्टॉपला हात लावला की पीप (स्ट्रिंगमध्ये बसवलेलं, आरपार बघायचं छोटं भोक) डोळ्यासमोर बरोबर येतोय का, डी-लूपची लांबी अँकरला जमतेय का हे बघून साइट जवळच्या अंतरापासून परत लावायची, आधी 20 मीटर, मग 30, मग 50, कारण जुना साइट मार्क त्या जुन्या खुणेचा होता.