अपंगत्व लाभाच्या दाव्यात सरकारकडून वकील फीची वसुली (अमेरिका)

सोशल सिक्युरिटी प्रशासनाने अपंगत्व लाभ नाकारल्यावर दावेदार फेडरल न्यायालयात गेला आणि जिंकला, तर त्याच्या वकिलाची फी सरकारने भरावी अशी तरतूद अमेरिकेत आहे. तिचा आधार १९८० चा ‘ईक्वल ॲक्सेस टू जस्टिस ॲक्ट’. हा कायदा मुळात मुदतीचा होता. १९८५ मध्ये तो कायम झाला. हरणाऱ्याने खर्च द्यावा हे तत्त्व भारतात निदान दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये तरी लिहिलेले आहे. अमेरिकेत मात्र ज्याची फी त्याने भरायची हाच मूळ नियम असल्याने सरकारविरुद्धचा हा अपवाद वेगळ्या कायद्याने करावा लागला.

प्रशासनाच्या पातळीवरील सुनावणीसाठी ही फी मिळत नाही. प्रशासकीय न्यायाधीशासमोरच्या त्या सुनावणीत सरकारचा वकील उभा नसतो, म्हणून ती दोन पक्षांमधली लढत मानली जात नाही. सरकारकडून फी मिळते ती अपील्स कौन्सिलच्या (प्रशासनातलीच शेवटची अपील पातळी) नकारानंतर ६० दिवसांत दाखल करायच्या जिल्हा न्यायालयातील दाव्याच्या कामाची.

जिंकणे म्हणजे लाभ मंजूर होणेच असे नाही. न्यायालय निर्णय रद्द करून प्रकरण नव्या सुनावणीसाठी परत पाठवते त्या क्षणीच दावेदार विजयी ठरतो. पुढे लाभ मिळो वा न मिळो. हे १९९३ च्या शलाला विरुद्ध शेफर खटल्यात ठरले. मात्र परत पाठवणे कलम ४०५(जी) च्या, म्हणजे प्रशासनाच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी ज्या कलमाखाली होते त्याच्या, चौथ्या वाक्याखाली असले पाहिजे. नवा पुरावा पाहण्यासाठी सहाव्या वाक्याखाली पाठवले, तर न्यायालयाचा ताबा संपत नाही आणि प्रकरण परत येऊन अंतिम हुकूमनामा होईपर्यंत थांबावे लागते (मेल्कोन्यान विरुद्ध सलिव्हन, १९९१). आदेशात कोणते वाक्य नमूद आहे हे वकिलाने त्याच दिवशी पाहावे, कारण मुदत त्यावरून मोजली जाते.

मुदत ३० दिवसांची आहे. ती निकालाच्या दिवसापासून न मोजता, निकालावर अपील करण्याची वेळ संपल्यापासून मोजतात. सरकार पक्षकार असल्याने अपिलाला ६० दिवस असतात, म्हणून चौथ्या वाक्याखालील हुकूमनाम्यानंतर एकूण ९० दिवस मिळतात. नव्या सुनावणीत लाभ मंजूर होईल, मग अर्ज करू, असे म्हणत थांबलेल्यांची मुदत हमखास निघून जाते.

अर्जात चार गोष्टी लागतात: दावेदार विजयी असल्याचे विधान, दावा दाखल करताना त्याची निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलरपेक्षा जास्त नव्हती याचे शपथपत्र, कामाच्या तासांचा तपशील, आणि सरकारची भूमिका ‘सारतः समर्थनीय’ नव्हती असे म्हणणे. हे शेवटचे नुसते म्हणायचे असते. भूमिका समर्थनीय होती हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. भूमिका म्हणजे केवळ न्यायालयातला युक्तिवाद नव्हे, त्यामागचा प्रशासनाचा मूळ निर्णयही त्यात येतो. पिअर्स विरुद्ध अंडरवुड (१९८८) खटल्याने कसोटी दिली ती अशी की समंजस माणसाला ती भूमिका पटण्याजोगी हवी. त्यामुळे सरकार हरले म्हणजे फी मिळालीच असे होत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरचे मत कारण न देता डावलले असेल, तर सरकारला समर्थन करणे जड जाते. खुद्द न्यायाधीशांचेच मतभेद असलेल्या कायदेशीर प्रश्नावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

दर कायद्यात ताशी १२५ डॉलर आहे, तोही १९९६ पासून तसाच. महागाईनुसार वाढ मिळते, पण मागावी लागते. हिशेब सोपा आहे: १२५ ला काम केलेल्या काळाच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने गुणायचे आणि मार्च १९९६ च्या निर्देशांकाने, म्हणजे १५५.७ ने भागायचे. २०२३ च्या सरासरीने दर २४४.६२ डॉलर येतो. नवव्या सर्किटचे न्यायालय (सर्किट म्हणजे फेडरल अपील न्यायालयाचा प्रादेशिक विभाग) हे दर स्वतःच प्रसिद्ध करते. साधारण प्रकरणाला २० ते ४० तास लागतात असे न्यायालये धरून चालतात. हजारभर पानांचे दप्तर असले तर जास्तही लागतात, पण मग ते का लागले हे लिहावे लागते. कात्री लागते ती ठरावीक नोंदींना: कागद दाखल करणे, प्रती काढणे यांसारखे कारकुनी काम, ‘फाइल पाहिली, फोन, मसुदा – ६ तास’ अशी एकत्र बांधलेली नोंद, आणि जुन्या मसुद्यातून उचललेल्या परिच्छेदांसाठी लावलेले तास. फीच्या अर्जावर खर्च झालेल्या वेळेचीही फी मागता येते. अनेक अर्ज सरकारी वकिलाशी बोलून, थोडे तास सोडून, तडजोडीने मिटतात.

पैसे कोणाचे, हा प्रश्न ॲस्ट्रू विरुद्ध रॅटलिफ (२०१०) खटल्यात सुटला: फी वकिलाची नसून दावेदाराची. साहजिकच दावेदाराकडे थकलेले शैक्षणिक कर्ज किंवा दुसरे फेडरल देणे असेल, तर सरकार ती रक्कम परस्पर वळती करून घेते आणि वकिलाच्या हाती काही लागत नाही. म्हणून दावा घेतानाच अशिलाकडून फीचे हस्तांतरपत्र लिहून घेतात. कर्ज नसेल तर सरकार बहुधा ते मान्य करून थेट वकिलाला पैसे देते. कर्ज असेल तर त्या कागदाचा उपयोग नाही.

खरा गोंधळ होतो तो दुसऱ्या फीमुळे. कलम ४०६(बी) नुसार न्यायालयातील कामासाठी वकिलाला दावेदाराच्या थकबाकीतून, म्हणजे त्याला मिळणाऱ्या मागच्या काळाच्या लाभांतून, २५ टक्क्यांपर्यंत फी मिळू शकते. ती वाजवी आहे का हे न्यायालय तपासते (गिस्ब्रेक्ट विरुद्ध बार्नहार्ट, २००२). दोन्ही फी मंजूर झाल्या तर त्यांतली लहान रक्कम वकिलाने दावेदाराला परत करायची. समजा, थकबाकी ६०,००० डॉलर आणि काम ३० तासांचे. सरकारी फी ७,३३८.६० डॉलर, २५ टक्के म्हणजे १५,०००. वकील १५,००० ठेवतो, ७,३३८.६० परत करतो, आणि दावेदाराच्या हाती ४५,००० ऐवजी ५२,३३८.६० पडतात (प्रशासनाकडच्या कामाची वेगळी फी धरलेली नाही). थोडक्यात, सरकारी फी दोन्हींत लहान असली की सरकारकडून मिळालेला प्रत्येक डॉलर अखेर अशिलाच्या खिशात जातो. सरकारी फीचा अर्जच न करणाऱ्या वकिलाच्या ४०६(बी) फीतून काही न्यायालये तेवढी रक्कम कापतात, ते योग्यच आहे. सरकारी फी कर्जात वळती झाली असेल तर वकिलाला ती मिळालेलीच नसते, म्हणून परत करण्याचा प्रश्न येत नाही.

प्रशासनाकडच्या कामाची फी ४०६(ए) खाली वेगळी ठरते. ४०६(बी) ची २५ टक्क्यांची मर्यादा दोन्ही मिळून नाही, फक्त न्यायालयीन फीला आहे, असे कल्बर्टसन विरुद्ध बेरीहिल (२०१९) मध्ये ठरले. तरी प्रशासन थकबाकीतून राखून ठेवते ते एकूण २५ टक्केच. त्यापलीकडची मंजूर फी वकिलाला अशिलाकडून वसूल करावी लागते, आणि ती फार वेळा वसूल होत नाही.

४०६(बी) चा अर्ज थकबाकीची नोटीस आल्यावर करतात. त्याची मुदत सर्किटनुसार बदलते. दुसऱ्या सर्किटसह काही ठिकाणी नोटीस मिळाल्यापासून अवघे १४ दिवस मिळतात.