मंगळवारचा रिपोर्ट, शनिवारची रात्र

शनिवारी रात्री कंडोम फाटला आणि मंगळवारी सकाळी माणूस एचआयव्हीच्या चाचणीसाठी लॅबच्या दारात. रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि जीव भांड्यात पडतो. रिपोर्ट खोटा नसतो, पण तो शनिवारच्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही.

एचआयव्ही शरीरात शिरला की पहिले साधारण 10 दिवस कुठल्याच चाचणीला सापडत नाही. मग रक्तात त्याचा आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय भाग, दिसू लागतो, काही दिवसांनी पी-24 हे त्याचं प्रथिन आणि सर्वांत शेवटी आपल्या शरीराने बनवलेली प्रतिपिंडं. कोणती चाचणी यातलं काय शोधते, त्यावर तिची मुदत ठरते. आरएनए शोधणारी नॅट चाचणी 10 ते 33 दिवसांत लागण पकडते. पी-24 आणि प्रतिपिंडं दोन्ही बघणारी 'फोर्थ जनरेशन' चाचणी, शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये केली तर, 18 ते 45 दिवसांत. फक्त प्रतिपिंडं बघणाऱ्या चाचणीला 23 ते 90 दिवस लागतात. रिपोर्टवर विसंबायचं ते आपण केलेल्या चाचणीच्या मुदतीतला शेवटचा आकडा उलटल्यानंतरच. 'अठराव्या दिवशी निगेटिव्ह, म्हणजे सुटलो' हा हिशेब चुकीचा.

बोट टोचून करायच्या रॅपिड किटवर 'सी'पाशी रेघ उमटते. ती फक्त किट चालू असल्याची खूण. निकाल 'टी'पाशी बघायचा. तिथे रेघ आली, तरी एका किटवर शिक्कामोर्तब होत नाही. आपल्याकडच्या सरकारी आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी) केंद्रात वेगवेगळ्या तीन किटवर पडताळूनच 'पॉझिटिव्ह' म्हणतात.

खरं तर त्या मंगळवारी घाई करायची ती औषधाची. 'पेप'च्या, म्हणजे धोका घडून गेल्यावर लागण टाळण्यासाठीच्या, गोळ्या 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या बऱ्या, सुरू करून 28 दिवस घ्यायच्या असतात. तेव्हाची चाचणी आधीपासून लागण नाही ना, हे बघायला. या गोळ्यांमुळे लागण चाचणीत उशिरा दिसू शकते, म्हणून शेवटची तपासणी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच. कुठे जायचं कळत नसेल तर 1097 ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

आणि हो, 'फुकटात तपासणी होईल' म्हणून या दिवसांत रक्तदान शिबिरात जाऊ नका. विंडो पीरियडमधलं, म्हणजे लागण असूनही चाचणीत दिसत नाही त्या काळातलं, रक्त रक्तपेढीच्या चाचणीतूनही निसटू शकतं, आणि ती पिशवी कुणाला तरी चढते.