किंग क्रिम्सन १९८१, येस १९८३: पाटी जुनी, आत काय?

माझा भाचा ड्रम शिकतोय. परवा त्यानं दोन गाणी लागोपाठ लावली आणि म्हणाला, "मामा, दोन्ही एकच की! जुने प्रॉग बँड, मधे बंद पडले, ऐंशीच्या दशकात नवी माणसं घेऊन परत आले."

प्रॉग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक. वरवर त्याचं बरोबर आहे. किंग क्रिम्सन १९७४ मध्ये थांबला आणि १९८१ मध्ये परत आला. येस १९८१ मध्ये मोडला, १९८३ मध्ये उभा राहिला. दोघांनीही सुरुवात वेगळ्याच नावानं केली होती, एकानं डिसिप्लिन, दुसऱ्यानं सिनेमा. जुनी पाटी मागाहून लागली. त्यात ड्रमर बिल ब्रुफर्ड १९७२ मध्ये येस सोडूनच क्रिम्सनमध्ये आलेला, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

मी दोघांत एकच गोष्ट बघतो: जुनं मोडलं कुणी?

क्रिम्सनमध्ये ते जुना गिटारवाला रॉबर्ट फ्रिपनं स्वतःच्या हातानं मोडलं. मेलोट्रॉन म्हणजे कळ दाबली की आतल्या टेपवरची व्हायोलिनं वाजायला लागतात असं वाद्य. जुन्या क्रिम्सनचा धीरगंभीर आवाज त्याच्यावर उभा होता. ते गेलं. क्रिम्सनमध्ये तोवर फ्रिपच्या शेजारी दुसरा गिटारवाला कधी नव्हता. आता एड्रियन बेल्यू आला, गायलाही तोच. टोनी लेव्हिन बासबरोबरच चॅपमन स्टिक घेऊन आला, दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर ठोके देत वाजवायचं वाद्य. ब्रुफर्ड तेवढा जुना, पण त्यालाही झांजा आवरायला सांगितलं होतं. ड्रमरला हे किती जड जातं ते भाच्याला विचारा.

आम्ही वडगावचे. लहानपणी घरात दोन माग होते. दोन्ही एकदम चालू केले की आधी खटखट एकत्र पडायची. मग एक किंचित मागं राहायचा, त्याचे ठोके दुसऱ्याच्या फटीत पडायला लागायचे, आणि बऱ्याच वेळानं दोन्ही परत जुळायचे. झोपेतसुद्धा ते जुळणं मला कळायचं. 'डिसिप्लिन' या रेकॉर्डवरचं 'फ्रेम बाय फ्रेम' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरीच पोचलो. दोन गिटारी सातच्या मापात बरोबर निघतात, मग एक जण एक सूर गाळतो. एकाची फेरी चौदा सुरांची, दुसऱ्याची तेरांची. रूपकाच्या सात मात्रा बोटांवर धरून ऐका. एक गिटार बोटांत राहते, दुसरी दर फेरीला थोडी निसटते. नवी माणसं आली म्हणून हे घडलं नाही. आधी वाजवण्याचं व्याकरण बदललं आणि त्याला लागतील तशी माणसं घेतली.

येसचं उलट झालं. बासवाला ख्रिस स्क्वायर आणि ड्रमर अ‍ॅलन व्हाइट यांना दक्षिण आफ्रिकेचा गिटारवाला ट्रेव्हर रॅबिन भेटला, आणि त्याची गाणी त्याच्याबरोबरच आली. पहिल्या दिवसांतला कीबोर्डवाला टोनी केही परतला. निर्माता ट्रेव्हर हॉर्न १९८० च्या येसचा गायक होता. संगीत बरंचसं झाल्यावर येसचा जुना गायक जॉन अँडरसन गायला आला, आणि त्या उंच, स्वच्छ गळ्यामुळं सिनेमाचा येस झाला. '९०१२५' हे रेकॉर्डचं नाव म्हणजे तिचा कॅटलॉग क्रमांक. तिच्यातलं 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. छोटं, घट्ट बांधलेलं, मधेच ऑर्केस्ट्राचे कापून चिकटवलेले झटके. जुन्या चाहत्यांपैकी काही जण याला बाजारू म्हणतात. मला ते पटत नाही, इतकं नेटकं गाणं बांधायलाही हात लागतो. पण जुन्या येसची वीस-वीस मिनिटांची गाणी तिथं शोधू नका.

भाच्याला मी कानाची खूण दिली. गळा ओळखीचा आणि बाकी सगळं अनोळखी वाटलं तर येस. गळाही अनोळखी, दोन गिटारी एकमेकींत विणलेल्या, तर क्रिम्सन.

त्यानं मग विचारलं, "जुन्या येसचा आवाज कुठं गेला?" १९८९ मध्ये अँडरसन, ब्रुफर्ड, कीबोर्डवाला रिक वेकमन आणि गिटारवाला स्टीव्ह हाऊ या जुन्या येसमधल्या चौघांनी त्याच वळणाची रेकॉर्ड काढली. येस हे नाव त्यांना वापरता आलं नाही, म्हणून मुखपृष्ठावर चौघांची आडनावं. आणि त्या रेकॉर्डवर बास वाजवला टोनी लेव्हिननं.