पार्श्वभूमी : सुधारित चूल आणि 'गरज' नावाचा घोळ

डिझाइन थिंकिंगमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करून उत्तर शोधण्याच्या पद्धतीत, प्रश्नाची फेरमांडणी (तोच प्रश्न वेगळ्या बाजूने मांडणे) शिकवताना परदेशी उदाहरणे भरपूर दिली जातात. आपल्याकडचा सर्वांत मोठा, आणि बराचसा फसलेला, धडा मात्र चुलीचा आहे.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७च्या सुमारास 'मगन चूल' झाली. पुढच्या दशकात हैदराबादेत धुराड्याची मातीची चूल आली. तेव्हाचा प्रश्न घरातला होता : बाईच्या डोळ्यांत जाणारा धूर. १९७३च्या तेलसंकटानंतर प्रश्न घराबाहेर गेला. सरपणापायी जंगल तुटते, ते वाचवायचे, अशी मांडणी झाली. १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया तोच. उद्दिष्टांत धूर होता, बायकांचे कष्टही होते. पण चूल पास की नापास, हे ठरले औष्णिक कार्यक्षमतेवर, म्हणजे जळणाच्या उष्णतेपैकी किती भांड्याला लागते यावर.

सगळा वाद या निर्णयाभोवती आहे. एका जागी बांधलेल्या चुलीची कार्यक्षमता किमान २० टक्के हवी, असा दंडक होता आणि ती मोजायची पातेल्यात पाणी उकळून. घरात कोणी नुसते पाणी उकळत नाही. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर शेकावी लागते, तरच फुगते. चुलीचे तोंड अरुंद केले की लाकूड वाचते आणि भाकरीची जागा जाते. तुराट्या, पऱ्हाट्या (तुरीच्या आणि कापसाच्या वाळक्या काड्या) लांबलचक. त्यांचे तुकडे करायचे हे वाढीव काम, तेही बाईच्याच माथी. दोन भांड्यांच्या चुलीत दुसऱ्या भांड्याचे भोक रिकामे राहिले तर धूर तिथूनच वर. मग बायकांनी तोंडे फोडून मोठी केली. अहवालांनी याला 'अयोग्य वापर' म्हटले. खरे तर फेरमांडणी तिथे, विळ्याच्या टोकाने, चालली होती.

घोळ 'गरज' या शब्दातच आहे. 'महिलांना धूरविरहित चुलीची गरज आहे' या वाक्यात गरज कुठेच नाही, उत्तर आहे. म्हणून गरज क्रियापदात लिहावी असा या क्षेत्रातला संकेत : पहाटे शेतावर जायच्या आत घरादाराच्या भाकऱ्या उरकणे. असे लिहिले की चूल हे अनेक उत्तरांपैकी एक ठरते. 'धूरविरहित' हा शब्दही फसवा. बहुतेक चुलींत धूर व्हायचा तेवढाच व्हायचा, फक्त धुराड्यातून छपरावर जायचा. काजळी साफ केली नाही तर पुन्हा घरात.

कार्यक्रमाची बाजू घेणारे म्हणतात, मोजता येणारा आकडा नसेल तर सरकारी पैसा वाटायचा कशाच्या आधारावर? मुद्दा खरा आहे. पण मोजल्या गेल्या त्या बसवलेल्या चुली, सुमारे साडेतीन कोटी. त्या पेटतात का, हा हिशेब वेगळा होता : नव्वदीच्या मध्यावर झालेल्या देशव्यापी पाहणीत वापरात असलेल्या चुली साठ टक्क्यांच्या आसपास निघाल्या. २००२ मध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला.

मधल्या काळात प्रश्न पुन्हा फिरला. घरगुती सरपणात मुख्यतः काटक्या आणि पिकांचे धसकट असते, झाडे नव्हे, हे स्पष्ट होत गेले आणि जंगलाचा मुद्दा मागे पडला. आरोग्य पुढे आले. गंमत म्हणजे गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातल्या धुराची मोजणी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीसच झाली होती, म्हणजे कार्यक्रम आखला जात होता त्याच सुमारास. ओडिशात पुढे सुधारित चुलींवर काही वर्षे चाललेल्या अभ्यासात पहिल्या वर्षी श्वासात धूर कमी भरला. नंतर चुलींचा वापर आणि डागडुजी घटली आणि फरक पुसला गेला.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजनेने चूल सुधारण्याचा नाद सोडला. प्रश्न झाला गॅस जोडणीचा, तोही बाईच्या नावावर. ही फेरमांडणी आधीच्या सगळ्यांपेक्षा धीट. आठ कोटींचा टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादेत गाठला गेला. त्या आर्थिक वर्षात लाभार्थी घरांनी भरून घेतलेले सिलिंडर सरासरी तीन. तीन सिलिंडरांत वर्ष निघत नाही, हे कळायला पाहणी लागत नाही. पाहुणे आले, चहा करायचा, की गॅस. भाकरी आणि आंघोळीचे पाणी अनेक घरांत अजून चुलीवरच.