पुरातून काढलेल्या गाईला पोळ्यांचा ढीग नको

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा दावणीची जनावरंही पाण्यात सापडली. अशी गाय वाचली की आपण पुणेकर शिळ्या पोळ्या, भात, गूळ घेऊन धावतो. ‘उपाशी आहे बिचारी, खाऊ दे पोटभर!’ माया खरी, पण समजूत साफ चुकीची.

गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, चारा पचवणारे जिवाणू असतात. उपाशी पोटी एकदम पीठ-भात गेला की तो झपाट्याने आंबतो, लॅक्टिक आम्ल साचतं आणि एरवी सहाच्या वर असणारा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) पाचाच्याही खाली घसरू शकतो. आम्ल अंगातलं पाणी पोटात ओढतं. मग गाय रवंथ थांबवते, आंबूस वासाचं पातळ शेण टाकते, शेवटी बसते ती उठतच नाही. डॉक्टर नळीने पोट रिकामं करतात, खाण्याचा सोडा देतात, सलाइन लावतात. तरी प्रत्येक वेळी यश येतंच असं नाही.

आधी स्वच्छ पाणी, मग थोडा थोडा कोरडा कडबा. बसलेल्या गाईच्या तोंडात बाटलीने पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.